घोंगडे भिजते, दाणे कोरडेच

मराठी घरात भिजत पडलेल्या गोष्टींना तोटा नाही. वडिलार्जित शेताची वाटणी आजोबांच्या काळापासून भिजते आहे. थोरल्याच्या लग्नाची बोलणी तीन दिवाळ्या भिजत आहेत. पटवाऱ्याकडचा अर्ज तर इतका भिजला आहे की त्याला आता फक्त मोड यायचे बाकी आहेत. एवढ्या ओल्या कारभारात एकच गोष्ट रात्री वेळेवर भिजत पडत नाही, ती म्हणजे उद्याच्या उसळीचे दाणे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हेच घडते, मुंबईच्या चाळीत हेच घडते आणि बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीतही हेच घडते. तिथे भाषेला अर्धी झाडी, अर्धी पोवारी आणि वरून हिंदीची फोडणी असते, पण सकाळी नऊचा संवाद सगळीकडचा एकच. "रातच्याला बरबटी भिजू घातली होती का वं?" "मले वाटलं, तुमी घातली असन." "मी काहून घालीन? मी तं बाजारातून आणली!" म्हणजे आणणाऱ्याचे काम आणून संपले, रांधणारीचे काम रांधताना सुरू होणार, आणि मधली रात्र कोणाच्याच नावावर नाही. सातबाऱ्यावर ज्या तुकड्याला मालक नसतो तो सरकारजमा होतो. स्वयंपाकातली ही रात्र विसरजमा होते. कडधान्यापासून माणसाला आजवर जो काही त्रास झाला, त्याचे मूळ या बेवारस रात्रीत आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या सकाळच्या घाईत आहे, एवढाच या लेखाचा दावा आहे. दाण्याची बाजू तपासून पाहिली तर तो बिचारा निर्दोष सुटतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायची पाळी आपल्यावर येते.

मुळात दाणा म्हणजे काय, ते पाहावे. दाणा ही झाडाची संतती. कोंबडीला पिल्लांसाठी धावून जाता येते, गाईला शिंग उगारता येते, झाडाला यातले काहीच जमत नाही. मग ते लेकराच्या शिदोरीतच थोडे औषध बांधून देते: प्रथिने, पिष्ट, लोह, आणि सोबत खाणाऱ्याच्या पोटात कळ उठवणारी काही रसायने. आई मुलाला मेळ्याला पाठवताना खिशात चार पैसे आणि काखेत चिमटा देते, त्यातला हा प्रकार. माणसाने हजारो वर्षांपूर्वीच या चिमट्यावर उपाय शोधून काढला. उपाय तीन आणि तिन्ही फुकटचे: पाणी, विस्तव आणि वेळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारसूत्रे काढली, त्यांतल्या २००० किलोकॅलरीच्या थाळीत रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यांना जागा दिली आहे (मांस-मासे खाणाऱ्याने त्यातच ते बसवायचे). ८५ ग्रॅम म्हणजे ओंजळभर. पाण्यासारखे वरण दोनदा भातावर फिरवून ही ओंजळ भरत नाही, दाणेच खावे लागतात. पौष्टिकतेबद्दल कोणाचा वाद नाही. वाद आहे तो पाणी, विस्तव आणि वेळ या तिघांशी आपण करत असलेल्या काटकसरीबद्दल.

वेळेपासून सुरुवात करू, कारण भारतीय स्वयंपाकघराने वेळ मोजायचे घड्याळ कधीच सोडून दिले आहे. आपल्याकडे काळाचे एकक शिट्टी. "राजम्याले किती लागतेत?" "आमच्या कुकरच्या चार. तुमच्या कुकरच्या सहा धरा, तुमचा जरा आळशी आहे." कुकरला स्वभाव असतो, ही गोष्ट कोणत्याही भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नाही, पण प्रत्येक सुनेला पाठ असते. शिट्टी काय सांगते? आत वाफ जास्त झाली आणि वजन उचलले गेले, एवढेच. आच मोठी असेल तर चार शिट्ट्या पाच मिनिटांत आटोपतात, लहान असेल तर अर्धा तास लागतो. झडपेत भाताचे शीत अडकले असेल तर शिट्टी होतच नाही आणि सगळे घर वरच्या दिशेला बघत देवाचे नाव घेते. म्हणजे शिट्टीने वेळ मोजणे हे कोंबड्याच्या आरवण्यावर बसगाडी सोडण्यासारखे. शहाणपणाचा रस्ता साधा आहे: पहिली शिट्टी झाली की आच कमी करावी आणि तिथून मिनिटे मोजावीत. भिजलेल्या राजम्याला वीसेक मिनिटे द्यावीत, वाफ आपोआप जिरू द्यावी. मग एक दाणा काढून अंगठा आणि तर्जनीत दाबावा. तो लोण्यासारखा पसरला आणि मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका दिसला नाही, तर शिजला. ठिपका दिसला तर परत झाकण लावावे. या परीक्षेत कुकरचा स्वभाव मध्ये येत नाही.

राजम्याचे नाव मुद्दाम घेतले. हा काही धानपट्ट्यातला जुना रहिवासी नव्हे. तो पाकिटात बसून आणि लग्नाच्या पंगतीतून इकडे आला, आणि येताना आपले औषध बरोबर घेऊन आला. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे एक लेक्टिन असते. हे नाव उच्चारायलाच जीभ दोनदा भिजू घालावी लागते, पण त्याचे काम सोपे आहे: कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत माणूस ओकाऱ्या आणि जुलाबांनी हैराण होऊ शकतो. इंग्लंडमध्ये १९७६ साली सुटीवर गेलेल्या शाळकरी मुलांच्या एका टोळीने नुसते भिजवलेले, न शिजवलेले राजम्याचे दाणे खाल्ले आणि सगळी सुटी त्यांनी एकाच खोलीत काढली, ती कोणती हे सांगायला नको. जपानमध्ये मे २००६ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमाने याहून मोठी मजल मारली. पांढऱ्या घेवड्याचे दाणे तीन मिनिटे भाजा, दळा आणि भातावर भुरभुरवा, वजन उतरेल, असा सल्ला दिला. लोकांनी तो मनापासून पाळला आणि शेकडो प्रेक्षक आजारी पडले. वजन उतरले असणारच, त्या दृष्टीने कार्यक्रम खोटा बोलला नाही. या दोन्ही प्रकरणांत दाणा दोषी नव्हता. एका ठिकाणी विस्तव अजिबात नव्हता, दुसऱ्या ठिकाणी तीन मिनिटांपुरता होता. हे लेक्टिन खळखळत्या उकळीत मरते. निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे आणि सावध माणसाने तीस मिनिटे सणसणीत उकळी द्यावी, असा अन्नसुरक्षेच्या जाणकारांचा सल्ला असतो. उलट राजमा मंद आचेवर ऐंशी अंशांच्या आसपास तासन्‌तास रेंगाळत ठेवला तर त्याचा त्रास कमी होण्याऐवजी वाढू शकतो. म्हणून ते विजेवर सावकाश शिजवणारे नवे भांडे राजम्याच्या कामाचे नाही; आधी उकळी, मग हवे तेवढे लाड. कुकर मात्र पूर्ण दाबाला १२० अंशांच्या घरात जातो, त्यामुळे राजम्याच्या बाबतीत तो आपला खरा मित्र आहे. मित्राला नीट वेळ द्यायचा की चार शिट्ट्यांत निरोप द्यायचा, एवढाच प्रश्न.

आता घरच्या दाण्याकडे वळू. बावनथडी आणि वैनगंगा यांच्यामधला हा मुलूख धानाचा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याची मान ताठ झाली. त्याच बांधीत त्याच्यामागून उगवणाऱ्या लाखोरीला मात्र आजवर मानांकन नव्हे, फक्त चौकशी मिळाली. कोणी तिला लाख म्हणते, कोणी लाखोळी, हिंदीत ती तिवडा, पुस्तकात खेसरी. धान उभे असतानाच, बांधीतल्या ओलीवर दाणे फेकायचे, याला इकडे उतेरा म्हणतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून नेले की खाली लाखोरी आपली आपण डोके वर काढते, निळी फुले मिरवते, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी राखट रंगाचे, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे चपटे-तिरके दाणे देते. पाऊस दगा देवो, पूर येवो, ती रुसत नाही. धुऱ्यावरची तूर लाडावलेल्या जावयासारखी. तिला ढग आले तरी सर्दी होते. लाखोरी म्हणजे घरातली ती धाकटी काकू, जिला कोणी विचारत नाही आणि जिच्याशिवाय कोणाचे चालत नाही. आणि अशा माणसांचे होते तेच तिचे झाले. एक दिवस सगळ्या गावाचे पाय लुळे पडल्याचा आळ तिच्यावर आला.

आळ पूर्ण खोटा नव्हता. लाखोरीत ओडॅप नावाचे एक अमिनो आम्ल असते, ते १९६४ मध्ये ओळखले गेले. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोरीच खाल्ली तर ते मज्जातंतूंवर घाव घालते, आणि पाय कायमचे ताठरतात. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. कर्नल स्लीमनने १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात सागर भागाची हकिगत दिली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, पुढच्या साली पावसाने दगा दिला, तिसऱ्या साली रोग पडला; तीन वर्षे शेतात तग धरून राहिली ती तिवडाच. लोकांनी तीच खाल्ली, आणि १८३३ च्या सुमारास धडधाकट तरुणांचे पाय जाऊ लागले. विसाव्या शतकातही रीवा-सतना पट्ट्यात वेठीच्या मजुराला मजुरी म्हणून तिवडाच मापून दिली जाई. मालकाच्या कोठीत गहू राही आणि मजुराच्या झोळीत तिवडा. इथे विनोदाने जरा बाजूला उभे राहावे हे बरे. पण तर्कासाठी एक गोष्ट हेरून ठेवायला हवी: ज्याच्या ताटात भात, भाजी आणि कधीमधी लाखोरी होती तो चालत राहिला, ज्याच्या ताटात लाखोरी आणि लाखोरीच होती तो पडला. दुष्काळ, गरिबी आणि दुसऱ्या धान्याचा अभाव हे तिघे आरोपी सुटले आणि शिक्षा दाण्याला झाली. स्पेनचा चित्रकार गोया यानेही दुष्काळात याच दाण्याच्या लापशीवर जगणाऱ्या बायकांचे चित्र काढले आहे. त्यात एक बाई आडवी पडली आहे. म्हणजे हा दाणा बावनथडीच्या काठी काय आणि माद्रिदमध्ये काय, आधी जीव वाचवतो आणि मग आरोप झेलतो.

शिक्षा कशी झाली, त्यात मात्र विनोदाला पुन्हा प्रवेश आहे. १९६१ मध्ये भेसळ प्रतिबंधक नियमांत खेसरीच्या विक्रीवर बंदीचे कलम आले. कलम असे की, संबंधित राज्य सरकार ज्या तारखेपासून अधिसूचना काढील, त्या तारखेपासून त्या राज्यात बंदी. राज्यांनी आपापला कल पाहून पावले उचलली. महाराष्ट्राने बंदी आणली, मध्य प्रदेशाने हात आखडता घेतला. आता नकाशा डोळ्यांपुढे आणावा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात, राजधानी नागपूर. त्या दिवशी मध्ये रेघ पडली. बालाघाटची खैरलांजी अलीकडे राहिली, भंडाऱ्याची तुमसर-मोहाडी पलीकडे गेली. माणसांनी आपापले कागद बदलून घेतले. लाखोरीला कागद कोण देणार? परिणाम असा की बावनथडीच्या या काठावर जी डाळ, तीच त्या काठावर गुन्हा. पायलीभर लाखोरी डोक्यावर घेऊन सोयऱ्याकडे निघालेली बाई नदीच्या निम्म्यापर्यंत गृहिणी असे, पुढे विकायला बसली की आरोपी. आणि विष म्हणावे तर ते दोन्ही काठांवर सारखेच. शिवाय बंदी फक्त विकण्यावर. पेरण्यावर नाही, खाण्यावर नाही. "पेरली तं चालते का जी?" "चालते." "खाल्ली तं?" "तुमची मर्जी." "इकली तं?" "मग आत टाकू." ज्याच्यापाशी स्वतःचे शेत होते त्याला विष खायची पूर्ण मुभा होती. विकत घेऊन खाणाऱ्या भूमिहीनाचे तेवढे रक्षण झाले, तेही कागदावर. प्रत्यक्षात लाखोरी नाव बदलून चण्याच्या बेसनात शिरली आणि शहरातल्या भजीतून सर्वांच्या पोटात पोचली. कायद्याने तिला गावात बदनाम केले. बाजाराने तिला शहरात प्रतिष्ठित केले.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला आणि त्यासाठी उपोषणेही केली. डाळ खायचा हक्क मिळावा म्हणून उपाशी बसणे, हा सत्याग्रह फक्त आपल्याच मातीत उगवू शकतो. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठवली. तिकडे ओडॅपचे प्रमाण कमी असलेली वाणे तयार होत होतीच: दिल्लीची 'रतन', रायपूरच्या कृषी विद्यापीठाची 'प्रतीक' आणि 'महातिवडा'. जानेवारी २०१६ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी या तीन वाणांना अनुकूल कौल दिल्याच्या बातम्या आल्या. संयुक्त राष्ट्रांचे ते आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष होते. १९६१ ते २०१६ हिशेब केला तर पंचावन्न वर्षे. एक वाटी लाखोरी भिजायला एक रात्र लागते. तिची फाइल भिजायला अर्धे शतक. आणि गंमत अशी की एवढ्या काळात जो उपाय गावोगावी सांगायला हवा होता, तो सांगायला ना अधिसूचना लागते ना प्रयोगशाळा. ओडॅप पाण्यात विरघळते. गरम पाण्यात डाळ काही तास भिजवून ते पाणी फेकले, किंवा भरपूर पाण्यात उकळून वरचे पाणी निथळून टाकले, तर त्याचा मोठा भाग पाण्याबरोबर निघून जातो. सगळा नाही, पण मोठा. बाकी बंदोबस्त भात, भाजी आणि 'रोज नको, कधीमधी' हे तीन हवालदार करतात.

इथे धानपट्ट्याच्या जिभेला सलाम करायला हवा. या भागात लाखोरीचे वडे नावाजलेले. वड्यासाठी डाळ रात्रभर भिजवावी लागते, दोनदा धुवावी लागते आणि खडखडीत निथळावी लागते, कारण वाटणात पाणी राहिले तर वडा कढईत पसरतो आणि तेल उडून रांधणारीच्या मनगटावर नकाशा काढते. म्हणजे आरोग्यखाते जे पत्रके काढून साधू शकले नसते, ते कुरकुरीत वड्याच्या हावरेपणाने परस्पर साधले. घुगऱ्यांचेही तसेच, उकळून, पाणी ओतून, मीठ-मिरची लावून खायच्या. घोटाळा वरणात आहे. तिथे भिजवणे नाही, निथळणे नाही, जे विरघळले ते सगळे वाटीत. तात्पर्य असे की राजम्याचा दोष आगीत मरतो आणि लाखोरीचा पाण्यात जातो. आणि आपण नेमकी राजम्याची आग वाचवतो आणि लाखोरीचे पाणी राखतो. काटकसर करावी तर इतकी अचूक!

आता आक्षेप येतील, ते आधीच ताटात वाढून घेऊ. पहिला आक्षेप सगळ्यांचा लाडका: "आमची आजी कुठं असलं काही करायची? नव्वद वर्षे जगली." आजीविषयी नातवाचे ज्ञान हे बहुधा ती वाढत असतानाचे असते, रांधत असतानाचे नसते. आजी रात्री भांडी घासून झाली की झाकणाखाली दाणे भिजू घालायची, आणि ते इतक्या सवयीने की त्याला 'काही करणे' म्हणत नसत. सकाळी ते चुलीवर चढत आणि धुऱ्यावरून माणसे परतेपर्यंत खदखदत राहत. कोकणातल्या आज्या तर याहून पुढे होत्या. कडवे वाल आधी भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड काढायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, तेव्हा कुठे बिरडे होते. पाहुण्यांसाठी बिरडे म्हणजे दोन दिवस आधीचे कारस्थान. नातवाने आजीकडून वारशात चव घेतली, वेळ घेतला नाही, आणि मग तिच्याच नावाने अर्धकच्च्या उसळीचे समर्थन केले. हे म्हणजे आजोबांच्या पैलवानकीवर आपण दंड थोपटण्यासारखे.

दुसरा आक्षेप जरा शिकलेला: "पाणी फेकलं तर जीवनसत्त्वं जातात." जातात, थोडी जातात, खोटे कशाला बोला. पण त्याच पाण्याबरोबर पोट फुगवणाऱ्या काही शर्कराही जातात, लाखोरीचे ओडॅप जाते, आणि भिजण्यानेच दाण्यातले फायटिक आम्ल कमी होऊन उरलेले लोह अंगी लागायला मदत होते. घरातून चार भांडी गेली आणि त्यांच्याबरोबर घरात घुसलेला चोरही गेला, तर हिशेब तोट्याचा म्हणू नये. जीवनसत्त्वांची एवढी कळकळ असणाऱ्याने सोड्याची चिमूट आधी सोडावी. सोड्याने दाणा भराभर मऊ होतो खरा, पण ब-१ जीवनसत्त्वाचा त्यात नाश होतो. त्याऐवजी टोमॅटो आणि चिंच शेवटी टाकावी, कारण आंबटाने दाण्याची साल हट्टी होते. आणि दाणे फार जुने नसावेत. कितीही भिजवा, कितीही उकळा, काही दाणे खड्यासारखे टणक राहतातच. त्यांना आपल्या भाषेत गणंग म्हणतात. हाच शब्द आपण फुकट्या पाहुण्यालाही वापरतो, कारण दोघांनाही कितीही ऊब दिली तरी ते विरघळत नाहीत. भिजवताना न फुगलेले गणंग सकाळी वेचून काढावेत. पाहुण्याचा उपाय स्वयंपाकशास्त्राच्या कक्षेबाहेर आहे.

तिसरा आक्षेप कोणी उघड करत नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो. कडधान्याने वात होतो. चारचौघांत बसायची सोय राहत नाही. याचे कारण रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा. त्या फोडायचे साधन माणसाच्या लहान आतड्यात नाही. मग मोठ्या आतड्यातले जंतू त्यांच्यावर जेवणावळ घालतात आणि तिची वाजंत्री आपल्याला वाजवावी लागते. भिजवून पाणी टाकल्याने ही वाजंत्री कमी होते, पूर्ण थांबत नाही. हिंग आणि ओवा यांनी पोटाला बरे वाटत असेल तर खुशाल घालावेत, पण हिंग घातला म्हणून न भिजवलेला दाणा भिजलेला होत नाही आणि अर्धकच्चा राजमा शिजलेला होत नाही. आपल्या स्वयंपाकात हिंगाचे स्थान गावच्या पुढाऱ्यासारखे आहे: काम दुसऱ्यांनी केलेले असते, वास याचा येतो. खरा उपाय सवयीचा. महिनाभर कडधान्य न खाता एकदम रविवारी तीन वाट्या उसळ हाणणाऱ्याने सोमवारी कडधान्याला शिव्या देऊ नयेत. रोज थोडे खाणाऱ्याच्या पोटातले जंतू हळूहळू शिस्तीत येतात, बहुतेकांचा त्रास कमी होतो.

चौथा आक्षेप नव्या आरोग्यभक्तांचा: "शिजवायचंच कशाला? मोड आलेलं कच्चं खा, ताकद येते." मोड म्हणजे मराठी माणसाचा अभिमान, मिसळीचा आत्मा, त्यामुळे इथे जपून बोलायला हवे. मोड आल्याने पोषण सुधारते, यात शंका नाही. पण मोडाला हवा तो ओला, उबदार, झाकलेला फडका जंतूंनाही तितकाच आवडतो. जर्मनीत २०११ मध्ये मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय जंतूंचा उद्रेक झाला, पन्नासहून अधिक माणसे दगावली. जर्मन माणूस स्वच्छतेत आपल्याहून उणा असेल, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा मोड धुऊन, निदान वाफवून खावेत. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बाई यांना तर कच्चे देऊच नयेत. राजम्याचे मोड कच्चे खाणे म्हणजे जपानच्या त्या कार्यक्रमाचा दुसरा भाग काढणे. आणि शिजवलेली उसळ उन्हाळ्याच्या दिवसात दुपारपासून रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवून "वास तर येत नाही ना?" अशी नाकाची परीक्षा घेऊ नये. काही जंतू वास न सोडता काम करतात. दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये जावी, आणि खाताना पुन्हा चांगली उकळावी.

शेवटचा आक्षेप निराशावाद्याचा: एवढी भानगड आहे तर खाऊच नये. हा विचार नवा नाही. पायथागोरसने शिष्यांना घेवडावर्गातल्या दाण्यांपासून लांब राहायला सांगितले, असे म्हणतात. आणि शत्रू मागे लागले असता तो त्या दाण्यांच्या शेतात पाय घालेना, म्हणून पकडला जाऊन मारला गेला, अशी दंतकथा आहे. काटकोन त्रिकोणाचा एवढा मोठा जाणकार, पण शेतातून तिरपे निघून जायचे त्याला सुचले नाही. भीतीने आजवर कोणाचे पोट भरलेले नाही. लाखोरीला बंदी घालून मजुराच्या ताटात गहू आला नाही, आणि राजम्याला घाबरून कोणाच्या रक्तात लोह वाढणार नाही. बंदी आणि भीती या दोन्हींत एक मोठी सोय असते: काही करावे लागत नाही. भिजवायला मात्र उठावे लागते.

तेव्हा उपाय एकच उरतो, आणि तो इतका क्षुल्लक आहे की त्यासाठी लेख लिहावा लागला याची लाज वाटावी. रात्री जेवणे झाल्यावर, खरकटे काढायच्या आधी, डब्यातून ओंजळभर दाणे काढायचे, निवडायचे, धुवायचे आणि तिप्पट पाण्यात सोडायचे. दाणा आधी सुरकुततो, म्हाताऱ्याच्या बोटांसारखा. साल पाणी पिते आणि गर अजून विचारच करत असतो. पहाटेपर्यंत गर सालीला गाठतो आणि दाणा दुप्पट होऊन गुळगुळीत बसतो. हे काम कोणाचे, याचा निकाल मात्र घरानेच लावायचा. आणणाऱ्याने आणताना भिजू घालावे, अशी सूचना पुढे आली आहे, आणि ती अर्थातच विचाराधीन आहे. "आज रातच्याला लाखोरी भिजू घालाल ना जी?" "घालतो ना, आधी हे वाटणीचं तं मिटू दे." म्हणजे उद्याही वरणच.